मातीची फरशी : चिमूटभर रसायन, थेंबभर रंग

शेणाने सारवलेली जमीन, तिच्यानंतर आलेली शहाबादी फरशी, पुढे सिमेंटची रंगीत लादी आणि आता भाजलेल्या मातीची तकतकीत फरशी, हा घराच्या जमिनीचा प्रवास अनेक गावांत एका पिढीच्या डोळ्यांदेखत पार पडला आहे. ग्रामपंचायतीचे कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळेतील स्वयंपाकखोली, देवळाचा सभामंडप, नव्याने बांधलेले घर, अशा सर्व ठिकाणी आज हीच फरशी दिसते. ती धुण्यास सोपी, दिसण्यास सुबक आणि बहुतेकांच्या आवाक्यातील आहे. तथापि ती कशी घडते, तिच्या अंगी हे गुण कोठून येतात आणि ती घडविणाऱ्या व बसविणाऱ्या हातांना कोणती झळ पोचू शकते, यांविषयीची माहिती सामान्य माणसापर्यंत फारशी पोचलेली नाही.

या फरशीच्या वजनाचा बहुतांश भाग साध्या मातीचा व दळलेल्या दगडाचा असतो. परंतु तिचे गुण ठरतात ते मातीत मिसळलेल्या चिमूटभर रसायनांवर आणि तिचे रूप ठरते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगाच्या थेंबांवर. तिच्या निर्मितीतील मोठा धोकाही असाच सूक्ष्म आहे, तो म्हणजे श्वासावाटे आत जाणाऱ्या गारेच्या धुळीचा. या तिन्ही सूक्ष्म गोष्टींचा परिचय करून घेतल्यास फरशी विकत घेणारा सावध होईल आणि ती कापणारा कारागीर सुरक्षित राहील.

कायथ्याचा कुंभार

विक्रमाची आणि महाकालाची नगरी म्हणून उज्जैन मराठी माणसाला सुपरिचित आहे. शिंदे घराण्याच्या राजवटीपासून तेथे मराठी कुटुंबांची वस्ती आहे. याच उज्जैन जिल्ह्यात छोट्या काली सिंध नदीच्या काठी कायथा हे गाव आहे. भीमबेटका येथील शैलचित्रांचा शोध लावणारे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी कायथ्याची प्राचीन वस्ती उजेडात आणली. पुढे १९६७-६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. झैनुद्दीन अन्सारी आणि डॉ. म. के. धवळीकर यांनी तेथे उत्खनन केले. त्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीची जी भांडी सापडली, त्यांवर गडद तपकिरी रंगाचा मातीचा लेप असून त्या लेपावर जांभळट रंगात नक्षी काढलेली आहे.

फरशीचा विषय समजून घेण्याच्या दृष्टीने हे भांडे मोठे बोलके आहे. त्याचे तीन घटक स्पष्टपणे वेगळे करता येतात. अंग जाड्याभरड्या मातीचे, अंगावर गाळून घेतलेल्या तलम मातीचा लेप आणि लेपावर रंगाची नक्षी. आजच्या कारखान्यातील फरशीची रचनाही मुळात हीच आहे. खाली मातीचे अंग, त्यावर ‘एंगोब’ नावाचा तलम मातीचा लेप, त्यावर काचेसारखी झिलई आणि झिलईवर किंवा तिच्याखाली नक्षी. झिलई तेवढी नंतरच्या काळात आली. बाकीची मांडणी चार हजार वर्षे टिकून आहे.

मातीत परके द्रव्य मिसळण्याची कल्पनाही नवी नाही. आपल्या गावचा कुंभार मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळतो. लिदीतील तंतूंमुळे ओले भांडे तडकत नाही. भट्टीत ते तंतू जळून जातात, त्यांच्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि त्या छिद्रांतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे माठातील पाणी गार राहते. माठाला छिद्रे हवी असतात, तर फरशीला ती नको असतात. म्हणून कारखान्याला लिदीऐवजी दुसरी द्रव्ये शोधावी लागली, इतकेच.

देवास, पेण आणि मोरबी

उज्जैनपासून सुमारे ३५ ते ४० किलोमीटर अंतरावर उज्जैन विभागातीलच देवास हे औद्योगिक शहर आहे. मराठी संस्थानिकांची ही जुनी राजधानी. एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) ही फरशी-उत्पादक कंपनी १९५८ साली स्थापन झाली. पुढे तिचे कारखाने ज्या ठिकाणी उभे राहिले, त्यांत माळव्यातील देवास आणि रायगड जिल्ह्यातील पेण ही दोन गावे आहेत. गणेशमूर्तींमुळे घरोघरी माहीत झालेल्या पेणने मातीचे हे दुसरे रूपही पाहिले, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे.

देशातील फरशी-उत्पादनाचा फार मोठा वाटा आज गुजरातमधील मोरबी आणि वांकानेर या परिसरातून येतो. महाराष्ट्रातील व माळव्यातील दुकानांत दिसणाऱ्या खोक्यांपैकी बरीचशी तेथूनच आलेली असतात. सौराष्ट्रातील या उद्योगाच्या उभारणीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परशुराम पॉटरी वर्क्स या कारखान्याचा मोठा हातभार लागला. राजस्थान व गुजरातमधील चिकणमाती, फेल्स्पार नावाचा दगड आणि गारगोटी हा या उद्योगाचा मुख्य कच्चा माल होय. चिकणमाती आकार देते, गारगोटी सांगाडा पुरविते आणि फेल्स्पार भट्टीत वितळून दोहोंना सांधतो.

पाणी वाचविणारे रसायन

हा सर्व माल प्रथम पाण्यासह मोठ्या फिरत्या पिंपात, म्हणजे बॉल मिलमध्ये, दळला जातो. त्यातून मातीची रबडी तयार होते. ही रबडी नळातून सहज वाहिली पाहिजे. पण तिच्यात पाणी जितके अधिक, तितके ते पुढे वाळविण्यास इंधनही अधिक. कमी पाण्यात रबडी वाहती कशी ठेवावी, हा या उद्योगापुढील पहिला प्रश्न असतो.

चिकणमातीचे कण पत्र्याच्या चकत्यांसारखे चपटे असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, तर कडांवर धन भार असू शकतो. त्यामुळे एकाची कड दुसऱ्याच्या पाठीला चिकटते आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी पोकळ रचना उभी राहते. त्या पोकळ्यांत पाणी अडकून बसते व रबडी घट्ट होते. सोडियम सिलिकेट, कपडे धुण्याच्या पावडरीतही वापरले जाणारे सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट किंवा सोडियम पॉलीअॅक्रिलेट यांपैकी एखादे द्रव्य थोडेसे मिसळले की प्रत्येक कणाभोवती सारखाच भार निर्माण होतो आणि कण एकमेकांना दूर लोटू लागतात. सिंहस्थातील गर्दीत लोक एकमेकांचे हात घट्ट धरून उभे राहिले तर रांग जागची हलत नाही. स्वयंसेवकांनी प्रत्येकात हातभर अंतर राखले की तीच रांग त्याच अरुंद वाटेने पुढे सरकू लागते. रबडीतही असेच घडते. या द्रव्यांना शास्त्रीय परिभाषेत विकणीकारक असे म्हणता येईल. कारखान्यात त्यांना ‘डिफ्लॉक्युलंट’ म्हणतात.

त्यांचे प्रमाण कोरड्या मातीच्या साधारणपणे ०.३ ते ०.६ टक्के एवढेच असते. या अल्प प्रमाणाचा परिणाम हिशेबाने पाहण्यासारखा आहे. समजा, रसायनाशिवाय रबडीत ४५ टक्के पाणी लागते आणि रसायनामुळे ते ३५ टक्क्यांवर येते. मग एक हजार किलो कोरड्या मातीमागे पाण्याची गरज सुमारे ८१८ लिटरवरून ५३८ लिटरवर उतरेल. म्हणजे तीन ते सहा किलो रसायनाने २८० लिटर पाणी वाचले आणि तेवढ्या पाण्याची वाफ करण्याचे इंधनही वाचले. मात्र प्रमाण चुकता कामा नये. रसायन गरजेपेक्षा अधिक पडल्यास रबडी पुन्हा घट्ट होऊ लागते. पाणी जड असल्यास, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असल्यास, रसायनाचा बराच भाग त्या क्षारांशीच झुंजण्यात खर्ची पडतो. म्हणूनच चांगल्या कारखान्यात मातीइतकीच पाण्याचीही तपासणी होते.

ही रबडी उंच टाकीत फवारली जाते व खालून-वरून सोडलेल्या तप्त हवेत तिचे थेंब वाळून रव्यासारखे दाणे बनतात. या यंत्राला स्प्रे ड्रायर म्हणतात. दाण्यांत पाच ते सात टक्के ओलावा मुद्दाम राखला जातो. नंतर ते साच्यात भरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० ते ४०० किलो इतक्या दाबाखाली दाबले की कच्ची फरशी तयार होते. ही कच्ची फरशी बिस्किटाइतकी ठिसूळ असते. ती पट्ट्यावरून जाताना फुटू नये म्हणून मातीत लिग्नोसल्फोनेटसारखे बंधक मिसळले जाते. कागद-कारखान्यात लाकडाचा लगदा करताना उरणाऱ्या द्रवापासून ते मिळते. कुंभाराच्या लिदीचे काम येथे लाकडाचा हा अर्क करतो आणि लिदीप्रमाणेच तोही भट्टीत जळून जातो.

झिलईची घडण

फरशीची चमक झिलईमुळे येते. झिलई म्हणजे वितळून फरशीवर पसरलेला काचेचा पातळ थर. त्यासाठी काही द्रव्ये आधी वितळवून व एकदम पाण्यात थंड करून काचेचा चुरा बनविला जातो. त्याला ‘फ्रिट’ म्हणतात. त्यात पांढरेपणासाठी झिर्कॉनचे पीठ घालतात. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत हे खनिज सापडते. झिर्कॉनचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे खालच्या मातीचा रंग झाकला जातो.

पाण्यात कालविलेल्या या पिठाचे जड कण तळाशी बसू नयेत आणि फरशीवर पडताच पाणी झटकन शोषले जाऊ नये, यासाठी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हे द्रव्य टक्क्याच्या अंशाइतके घालतात. हे वनस्पतींच्या तंतूंपासून तयार होते व खाद्यपदार्थ दाट करण्यासाठीही वापरले जाते. वनस्पतिजन्य असल्यामुळे उन्हाळ्यात जंतू ते खाऊन टाकतात, झिलई आंबते व पातळ होते आणि फरशीवर डाग उमटतात. म्हणून त्यात जंतुनाशकाचीही मात्रा द्यावी लागते. वैशाखात ताक लवकर आंबते हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला झिलईच्या पिंपातील ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ठशापासून थेंबापर्यंत

आता नक्षीचा विचार करू. उज्जैनलगत क्षिप्रेच्या काठी भैरवगढ ही छिपा कारागिरांची वस्ती आहे. लाकडी ठसे आणि वितळलेले मेण यांच्या साह्याने कापड छापण्याची तेथील कला प्रसिद्ध असून उज्जैनच्या बाटिक छपाईला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. भैरवगढच्या कारागिराला प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा लागतो. ठसा कापडावर टेकवावा लागतो आणि ठसा झिजला की नक्षीही पुसट होते.

फरशीवरील छपाईही प्रथम याच तत्त्वाने चालत असे. जाळीच्या चौकटीतून रंग दाबून नक्षी उमटविली जाई व प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट लागे. १९९४ मध्ये इटलीत सिलिकॉन रबराच्या फिरत्या रुळाने छपाई करणारे यंत्र आले. त्याने वेग वाढला, पण रूळ फरशीला टेकणे आवश्यकच राहिले. कच्ची फरशी दाबाने फुटे आणि उंचसखल पृष्ठभागावर नक्षी नीट उमटत नसे.

सन २००० मध्ये स्पेनमधील केराजेट या कंपनीने फरशीवर रंगाचे थेंब उडविणारे पहिले औद्योगिक यंत्र बाजारात आणले. २०१० नंतर या अंकीय, म्हणजे डिजिटल, छपाईचा भारतातही झपाट्याने प्रसार झाला. यात ठसा नाही आणि रूळही नाही. संगमरवराचे, लाकडाचे किंवा कापडाचे चित्र प्रथम संगणकात साठविले जाते. संगणक त्या चित्राचे लक्षावधी ठिपक्यांत विभाजन करतो आणि कोणत्या ठिपक्यावर कोणत्या रंगाचा किती थेंब पडावा, याचा हिशेब करतो. फरशी पट्ट्यावरून पुढे सरकत असते. तिच्या काही मिलिमीटर वर छपाईची शीर्षे बसविलेली असतात. शीर्षातील प्रत्येक सूक्ष्म छिद्रामागे एक स्फटिकी पदार्थ असतो. विजेचा दाब मिळताच त्याचा आकार किंचित बदलतो आणि छिद्रातून रंगाचा एक थेंब बाहेर फेकला जातो. हा थेंब सामान्यतः काही पिकोलिटरचा ते काही दशक पिकोलिटरचा असतो. दहा पिकोलिटरचा थेंब धरला तर एक मिलिलिटर रंगातून असे दहा कोटी थेंब निघतील.

येथेही यंत्राला रसायनाची साथ लागते. फरशीवरील रंग हजार अंशांहून अधिक तापमानात टिकला पाहिजे. म्हणून कापडाचे किंवा कागदाचे रंग येथे निरुपयोगी ठरतात. कोबाल्टपासून निळा, लोह व क्रोमियमपासून तपकिरी, प्रासिओडिमियम व झिर्कॉनपासून पिवळा, अशा खनिज रंगद्रव्यांचीच योजना करावी लागते. त्यांचे पीठ एक मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म, दळले जाते. अन्यथा छिद्रे तुंबतात. हे कण द्रावणात तरंगत राहावेत म्हणून विकीर्णक द्रव्ये घालतात आणि रंग शीर्षांतून सतत फिरता ठेवतात. झगझगीत तांबडा रंग फरशीवर क्वचितच का दिसतो, याचे उत्तरही येथेच मिळते. भट्टीचा ताप सोसणारी तांबडी रंगद्रव्ये फार थोडी आहेत.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. नक्षी बदलण्यासाठी संगणकातील चित्र तेवढे बदलावे लागते. थोड्या फरशा छापणेही परवडते. फरशीला स्पर्श होत नसल्याने फूट कमी होते. तथापि या छपाईची मर्यादाही जाणून घेणे अगत्याचे आहे. चित्र कितीही हुबेहूब दिसले, तरी रंगाचा थर मिलिमीटरच्या अल्पांशाइतकाच असतो. संगमरवरासारखी दिसणारी फरशी संगमरवर होत नाही. तिचा टवका उडाला की आतील मातीचे अंग उघडे पडते.

भट्टीतील तास

पूर्वीच्या लांब बोगद्याच्या भट्टीत फरशी गाड्यांवर रचून कित्येक तास भाजावी लागे. आता उष्णतारोधक रुळांवरून एकेक थर पुढे सरकविणाऱ्या, शंभर मीटरहून लांब अशा भट्टीत ती सुमारे पाऊण ते एक तासात भाजून निघते. जमिनीच्या फरशीसाठी तापमान साधारणतः १,१५० ते १,२२० अंश सेल्सियस असते.

या तासाभरात दोन टप्पे नाजूक असतात. पहिला, मातीतील सेंद्रिय द्रव्य जळून जाण्याचा. त्याला पुरेशी हवा व वेळ मिळाला नाही तर फरशीच्या पोटात काळा गाभा राहतो आणि ती फुगते. दुसरा टप्पा ५७३ अंशांचा. या तापमानाला गारगोटीच्या स्फटिकाची रचना बदलून त्याचे आकारमान एकदम कमीजास्त होते. थंड होताना हा टप्पा घाईने ओलांडला गेला तर फरशी तडकते. भट्टी जलद केली म्हणजे उत्पादन वाढते हे खरे, पण मातीचे स्वभावधर्म बदलत नाहीत. त्या धर्मांना अनुसरूनच रसायनांची निवड करावी लागते.

न दिसणारी धूळ

आतापर्यंत सूक्ष्मतेचे उपयोग पाहिले. आता तिची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. गारगोटी ही स्फटिकी सिलिकेची बनलेली असते. ती कोरडी फोडली, दळली किंवा कापली की तिची इतकी बारीक धूळ उडते की ती नाकातील केसांना अडत नाही आणि सरळ फुप्फुसात जाऊन बसते. तेथे ती विरघळत नाही. फुप्फुसाला जागोजागी वण पडतात आणि श्वास हळूहळू कोंडू लागतो. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून काढणारा उपचार त्यावर नाही. शिवाय अशा रोग्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे सारखी असल्याने सिलिकोसिस हा पुष्कळदा नुसता क्षय समजला जातो.

याचे विदारक उदाहरण माळव्याच्या शेजारीच घडले. मध्य प्रदेशच्या झाबुआ, अलिराजपूर आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातमधील गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामास जात. काही महिन्यांच्या कामाने घेतलेला रोग ते गावी घेऊन परतले आणि अनेक तरुण दगावले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात शासनास ही रक्कम देण्याचा आदेश दिला. गारगोटीचे पीठ काच व मृत्तिका उद्योगांचा कच्चा माल असते. फरशीचा इतिहास सांगताना या २३८ घरांचा विसर पडू देणे योग्य होणार नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा अधिसूचित रोग ठरविला होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या यादीतही त्याचा समावेश आहे. असा रोगी आढळल्यास त्याची खबर देणे डॉक्टरांवर बंधनकारक असते. कारखान्यात धोका टाळण्याचे मार्ग सुविदित आहेत. दळण ओले ठेवणे, धूळ उगमापाशीच शोषून घेणे, सांडलेले पीठ झाडूने न झाडता पाण्याने धुणे व कामगारांची नियमित तपासणी करणे, हे ते मार्ग होत. बॉल मिलमध्ये पाणी घालून दळण्याच्या पद्धतीत हा लाभ आपोआप मिळतो. खरा धोका असतो तो कोरडा माल हाताळताना.

धुराचा प्रश्नही याच प्रकारचा. मोरबी परिसरातील अनेक कारखाने भट्ट्यांसाठी कोळशापासून वायू तयार करीत. त्यातून निघणारे डांबरमिश्रित दूषित पाणी व धूर यांमुळे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये तेथील कोळशावरील वायुजनक यंत्रे बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर कारखान्यांना नैसर्गिक वायूकडे वळावे लागले.

गावातील कारागिराची काळजी

धूळ कारखान्यातच राहते असे मात्र नाही. भाजलेल्या फरशीतही काही गारगोटी शिल्लक असते. गावात फरशी बसविणारा कारागीर विजेच्या फिरत्या पात्याने ती कोरडी कापतो, तेव्हा बंद खोलीत पांढरा धुरळा उठतो. तोंडाला गुंडाळलेला रुमाल किंवा गमछा ही बारीक धूळ अडवू शकत नाही. पुढील साध्या गोष्टी पाळल्यास धोका बराच टळतो.

फरशी शक्य तेथे रेघ ओढून तोडणाऱ्या हातकटरने तोडावी. विजेचे पाते वापरावयाचे झाल्यास पात्यावर पाण्याची धार राहील असेच यंत्र वापरावे आणि विजेच्या धक्क्यापासून बचावाची सोय असावी. कापण्याचे काम घराबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून करावे. एन-९५ दर्जाचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसेल असा लावावा. चुरा ओला करून गोळा करावा. लहान मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये. दगड, गारगोटी किंवा फरशी कापण्याचे काम केलेल्या माणसाला खोकला व धाप असल्यास त्याने आरोग्य केंद्रात आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही तो विचारावा. या एका प्रश्नाने रोगाचे निदान बदलू शकते.

खरेदी करताना

फरशीची निवड केवळ नक्षी पाहून करणे इष्ट नाही. भारतीय मानक आयएस १५६२२ नुसार दाबून बनविलेल्या फरशांचे गट त्या किती पाणी शोषतात यावरून पाडले आहेत. ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषणारी फरशी सर्वांत घट्ट, काचेसारखी भाजलेली असते. तिला बाजारात ‘व्हिट्रिफाइड’ म्हणतात. १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषणारी फरशी भिंतीसाठीच वापरावी. ती जमिनीवर बसविल्यास वजनाने व वापराने लवकर फुटते. हा तपशील खोक्यावर पाहावा किंवा दुकानदारास विचारावा. झिलईदार फरशीची झीज सोसण्याची श्रेणीही १ ते ५ अशी ठरविलेली असते. शाळा व कार्यालये यांसारख्या वर्दळीच्या जागी वरची श्रेणी घ्यावी.

शाळेतील विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा करून पाहता येईल. फरशीच्या उलट बाजूवर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच जिरला तर फरशी सच्छिद्र, तसाच राहिला तर घट्ट समजावी. अधिक नेमकी परीक्षा हवी असल्यास कोरडा तुकडा वजन करून शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन तास पाण्यात उकळावा, त्याच पाण्यात चार तास राहू द्यावा, फडक्याने पुसून पुन्हा वजन करावे. १,००० ग्रॅमचा तुकडा १,००५ ग्रॅम भरला तर त्याने अर्धा टक्का पाणी शोषले, हे गणित सातवीचा विद्यार्थीही सहज मांडील. विज्ञान आणि अंकगणित यांचा इतका घरगुती मेळ क्वचितच मिळतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिजिटल छपाई असली तरी मातीच्या व भट्टीच्या फरकाने निरनिराळ्या वेळी बनलेल्या फरशांच्या छटेत फरक पडतो. म्हणून एका खोलीसाठी एकाच लॉटची खोकी घ्यावीत व फुटतूट धरून काही फरशा अधिक घ्याव्यात. दुसरे असे की, न्हाणीघर, घाट, धर्मशाळा अशा ओल्या जागी गुळगुळीत झिलईची फरशी घालू नये. नाशिक व उज्जैन ही दोन्ही सिंहस्थाची क्षेत्रे आहेत. तेथे वृद्ध यात्रेकरू ओल्या पायांनी वावरतात. खरखरीत पृष्ठभागाची फरशी दिसण्यास साधी असली तरी तीच तेथे योग्य होय.

कायथ्याच्या कुंभाराला आपली माती, आपला लेप आणि आपली आच यांची पुरेपूर ओळख होती. आज ती ओळख रसायनतज्ज्ञ, संगणकचालक आणि भट्टीवरील कामगार यांच्यात वाटली गेली आहे. ग्राहक आणि गावचा कारागीर मात्र तिच्याबाहेरच राहिला आहे. त्याला खोक्यावरील आकडा वाचता आला आणि पाण्याची धार सोडून फरशी कापण्याची सवय लागली, तर या ओळखीतील त्याचा वाटा त्याला परत मिळेल आणि घराची जमीन उजळताना कोणाच्या श्वासाची किंमत मोजावी लागणार नाही.